फॉर्म नंबर ३७ आणि उलटे करायचे तीन प्रश्न

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी एमएस्सी नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे. डिझर्टेशनचा विषय आहे डायलिसिसच्या पेशंटची घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचं जीवनमान. त्यासाठी डब्ल्यूएचओची २६ प्रश्नांची प्रश्नावली वापरली, मराठीतली. १४० फॉर्म भरून झाले. निम्मी डाटा एंट्री मी केली, निम्मी मैत्रिणीने. मग एक्सेलचा मास्टर चार्ट एसपीएसएसमध्ये घेतला. सीनियरने सांगितलं की ३, ४ आणि २६ नंबरचे प्रश्न उलटे करायचे, ते केले. दोन दिवसांनी फाइल उघडली तर आकडे बघून वाटलं की झालेच नाहीत, म्हणून परत केले. आता नक्की झालेत की नाही कळत नाहीये. शारीरिक भागाचा आल्फा ०.३८ येतोय. २१ नंबरचा प्रश्न ४३ जणांनी रिकामा सोडलाय, तिथे मी रिकामंच ठेवलं, मैत्रिणीने ९ टाकलेत. गाइड मॅडम म्हणतात रिकाम्या जागी शून्य टाक आणि २६ प्रश्नांची टोटल काढून चांगलं, मध्यम, वाईट असे तीन गट कर. बायोस्टॅटिस्टिक्सचे सर फोन उचलत नाहीत. सबमिशनला तीन आठवडे आहेत आणि मी गणितात पहिल्यापासून कच्ची आहे. रात्री झोप लागत नाही."

अगं, आधी एक सांगते, यात गणित चौथीच्या पुढचं नाहीये. बेरीज, भागाकार, सहातून वजाबाकी, संपलं. तुझं गाडं अडलंय ते हिशेबात नाही, फाइल सांभाळण्यात अडलंय, आणि ते तीन आठवड्यांत काय तीन संध्याकाळींत सुटतं. तुझ्याकडे १४० कागदी फॉर्म आहेत ना, आणि मास्टर चार्टची पहिली एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर आहे असंही तू खाली लिहिलंयस, मग काही म्हणजे काही हरवलेलं नाहीये. एसपीएसएसची, म्हणजे त्या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची, आत्ताची ती फाइल बाजूला ठेव, डिलीट करू नकोस पण तिच्यावर कामही करू नकोस. ती दुरुस्त करत बसलीस तर कुठला प्रश्न कितीदा उलटला हे शोधण्यातच आठवडा जाईल आणि शेवटी मनात शंका राहीलच.

मला हे इतकं ठामपणे सांगता येतं कारण माझ्या स्वतःच्या प्रबंधात हेच झालं होतं. माझी स्केल होती रोझेनबर्गची, स्वतःबद्दलच्या आदराची, १९६५ ची, दहा प्रश्नांची, त्यात पाच प्रश्न उलटे. मी त्याच कॉलमवर उलटापालट केली, सेव्ह केलं, आठवड्याने आठवेना की केलं होतं का, परत केलं. शेवटी कॉलेजच्या स्टोअरमधून फॉर्मचे गठ्ठे काढून दोनशेच्या वर फॉर्मची एंट्री परत करावी लागली, त्यात आठ दिवस गेले आणि जे रडले ते वेगळं. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी वाच.

आता पाणी नेमकं कुठं मुरतंय ते बघू. या प्रश्नावलीचे चार भाग आहेत, शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि पर्यावरण, आणि प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ मधला आकडा द्यायचा असतो. बहुतेक प्रश्नांना मोठा आकडा म्हणजे चांगलं. झोपेबद्दल किती समाधानी, ५ म्हणजे खूप समाधानी. पण ३ नंबर विचारतो की शारीरिक दुखण्यामुळे तुमची कामं किती अडतात, ४ नंबर विचारतो की रोजचं आयुष्य चालवायला औषधोपचाराची किती गरज पडते, आणि २६ नंबर विचारतो की उदासी, निराशा, चिंता अशा भावना किती वेळा येतात. इथे ५ म्हणजे वाईट. म्हणून बेरजेत घेण्याआधी यांना फिरवायचं, १ चे ५, २ चे ४, ३ तसाच, ४ चे २, ५ चा १. एका झटक्यात म्हणजे सहातून वजा. आणि गोची इथंच आहे, सहातून वजा केलेलं परत सहातून वजा केलं की मूळ आकडा परत येतो. दोनदा उलटलं म्हणजे उलटलंच नाही. तू "रिकोड इनटू सेम व्हेरिएबल्स" वापरलं असणार, मेन्यूमध्ये ते वरतीच असतं आणि सगळे तेच दाबतात. त्याने जुना आकडा पुसला जातो आणि नवा त्याच जागी बसतो, फाइलला काही आठवत नाही की हे पहिल्यांदा झालं का दुसऱ्यांदा. आल्फा म्हणजे एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. तुझा ०.३८ चा आल्फा बहुतेक त्यामुळेच आहे, शारीरिक भागाच्या सात प्रश्नांतले पाच एका दिशेला ओढतायत आणि दोन उलट्या दिशेला. आल्फा इतका कमी आला, किंवा कधी कधी तर मायनसमध्ये येतो, की पहिली शंका लोकांच्या उत्तरांवर घ्यायची नाही, कोडिंगवर घ्यायची.

पण थांब, उलटायला धावण्याआधी एक कोरा फॉर्म हातात घे आणि ३, ४, २६ च्या खाली आकडे कसे छापलेत ते डोळ्यांनी बघ. या प्रश्नावलीच्या काही छापील प्रतींमध्ये या तीन प्रश्नांचे आकडे आधीच उलटे छापलेले असतात, म्हणजे "अजिबात नाही" च्या खाली १ नाही तर ५ लिहिलेलं असतं. तुझा फॉर्म तसा असेल तर उलटायचं कामच नाही, कागदानेच ते केलेलं आहे, आणि सीनियरचा फॉर्म वेगळा असू शकतो. सीनियरने सांगितलं, नेटवर वाचलं, जुन्या थिसिसमध्ये होतं, यातलं काहीही तुझ्या हातातल्या कागदापेक्षा मोठं नाही. पुढचं सगळं मी "अजिबात नाही" खाली १ आहे असं धरून लिहितेय.

आता फॉर्म नंबर ३७ काढ. ३७ च का, काही नाही, मधला कुठलाही काढ, फक्त ३ आणि ४ नंबरला मधला ३ टिक केलेला नको कारण ३ उलटून पण ३ च राहतो, त्यातून काही कळत नाही. समज त्या बाईंनी असं भरलंय: प्रश्न ३ ला २, ४ ला १, १० ला ४, १५ ला ५, १६ ला ३, १७ ला ४, १८ ला ४. हे सात म्हणजे शारीरिक भाग. पाटीवर हिशेब केल्यासारखा कर. ३ नंबरचे २ होतात ४, ४ नंबरचा १ होतो ५. मग ४ अधिक ५ अधिक ४ अधिक ५ अधिक ३ अधिक ४ अधिक ४, बेरीज २९. भागिले ७, आले ४.१४. याला ४ ने गुणायचं, १६.५७. हा झाला त्यांचा शारीरिक स्कोर, ४ ते २० च्या पट्टीवर. १०० च्या पट्टीवर हवा असेल तर त्यातून ४ वजा करायचे आणि ६.२५ ने गुणायचं, ७८.५७ येतात. आणि न उलटता केलं असतं तर? बेरीज २३, सरासरी ३.२९, चारने गुणून १३.१४, १०० च्या पट्टीवर ५७.१४. एकाच बाईंच्या आयुष्याबद्दल एकवीस पॉइंटचा फरक, फक्त दोन खाने फिरवले नाहीत म्हणून. ती बाई धडधाकट आहे, पळापळ करतेय, नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते आणि तुझ्या टेबलमध्ये ती आजारी दिसणार.

ही जी हाताने केलेली बेरीज आहे ना, हीच तुझी सगळ्यात मोठी तपासणी. सॉफ्टवेअरने ३७ नंबरला १६.५७ दिले तर तू बरोबर आहेस, १३.१४ दिले तर उलटलेलं नाही. असे तीन फॉर्म हाताने कर, एक पूर्ण भरलेला, एक ज्यात २१ नंबर रिकामा आहे असा, आणि एक मैत्रिणीने एंट्री केलेला. वहीत लिहून ठेव, तारीख टाकून. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक विचारतात स्कोर कसे काढले, तेव्हा ते पान पुढे करता येतं.

आता रिकाम्या जागांचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मॅडम म्हणतात शून्य टाक, आणि मॅडमचा हेतू वाईट नाहीये, त्यांच्या काळी हाताने टोटल मारायचे तेव्हा रिकामं म्हणजे शून्यच धरलं जायचं. पण या प्रश्नावलीत १ ते ५ आहेत, शून्य नावाचं उत्तरच नाही. शून्य टाकलं म्हणजे तू त्या बाईंच्या वतीने असं उत्तर दिलंस की "अजिबात समाधानी नाही" याच्याही खाली. सामाजिक भागात तीनच प्रश्न आहेत, २०, २१ आणि २२. समज २० ला ४, २१ रिकामा, २२ ला ३. दिलेल्या दोन उत्तरांची सरासरी ३.५, चारने गुणून १४, १०० च्या पट्टीवर ६२.५. शून्य टाकून तिनाने भागलंस तर २.३३, गुणून ९.३३, आणि १०० च्या पट्टीवर ३३.३. म्हणजे एक प्रश्न लाजून सोडला म्हणून बाईंचं सामाजिक जीवन अर्ध्यावर आलं. आणि असे ४३ जण आहेत तुझ्याकडे, १४० तले, जवळजवळ ३१ टक्के. त्या शून्यांनी तुझा निष्कर्षच ठरवून टाकला असता, की काळजीवाहकांचं सामाजिक जीवन सगळ्यात खालावलेलं आहे, आणि ते छापूनही आलं असतं कुठेतरी.

मैत्रिणीचे ९ तर शून्यापेक्षा घातक. ९ टाकायला हरकत नसते, रिकाम्या उत्तराला कोड देणं ही चांगलीच सवय आहे, त्यातून कळतं की खाना चुकून राहिला नाही, उत्तरच नव्हतं. पण मग एसपीएसएसला सांगावं लागतं की ९ म्हणजे उत्तर नाही, व्हेरिएबल व्ह्यूमध्ये "मिसिंग" नावाचा कॉलम आहे तिथे जाऊन. नाही सांगितलं तर ते बिचारं ९ ला नऊच समजतं. एखाद्याने २० ला १ दिलाय, २२ ला २ दिलेत, माणूस एकटा पडलेला आहे हे स्पष्ट दिसतंय, खरा स्कोर १.५ गुणिले ४ म्हणजे ६, १०० च्या पट्टीवर १२.५. मधे ९ धरला तर बेरीज १२, सरासरी ४, स्कोर १६, १०० च्या पट्टीवर ७५. बारा वरून पंचाहत्तर! आणि ७५ हा आकडा दिसायला इतका साधा की कुणालाच संशय येणार नाही. ९९ टाकले असते तर निदान स्कोर शंभराच्या कितीतरी वर गेला असता आणि डोळ्यात भरला असता, ९ लपून बसतो.

मग करायचं काय ते आता सलग सांगते. पेनड्राइव्हवरची पहिली एक्सेल फाइल कॉपी कर, मूळ फाइलचं नाव "मूळ, हात लावू नये" असं ठेव आणि स्वतःला मेल करून टाक. कॉपीमध्ये २६ कॉलम, प्रत्येकाला क्यू१ ते क्यू२६ असं साधं नाव आणि सगळ्यात पुढे फॉर्म नंबर. फॉर्म नंबरशिवाय एकही ओळ नको, कारण एक्सेलमध्ये चुकून एकच कॉलम सॉर्ट झाला तर एकीची उत्तरं दुसरीच्या नावावर जातात आणि नंबर नसेल तर ते कधीच सापडत नाही. मग एसपीएसएसमध्ये घे आणि पहिलं काम फ्रिक्वेन्सी, म्हणजे कुठलं उत्तर किती जणांनी दिलं त्याची मोजणी, सगळ्या २६ प्रश्नांची. बस फक्त बघ, कुठे १ ते ५ सोडून काही आहे का. ९ दिसतील ते मिसिंगमध्ये नोंदव. कुठे ४४ दिसेल, कुठे ३२ दिसेल, बोट दोनदा पडलेलं असतं, फॉर्म काढून दुरुस्त कर आणि काय दुरुस्त केलं ते वहीत लिही. माझं ऐकशील तर १४० तले चौदा फॉर्म कुठलेही उचलून मैत्रिणीबरोबर परत ताडून बघ, एक वाचेल दुसरी स्क्रीनवर बघेल, तासाभराचं काम आहे. एंट्रीच्या चुका त्यातूनच कळतात, पुढचा कुठलाही टेस्ट त्या पकडत नाही.

मग उलटायचे तीन. मेन्यूतून "कॉम्प्युट व्हेरिएबल" उघड, नवं नाव दे क्यू३आर, समोर लिही ६ वजा क्यू३. तसंच क्यू४आर आणि क्यू२६आर. मूळ क्यू३ जागेवर राहतो, नवा कॉलम शेजारी येतो, आणि ही आज्ञा तू शंभरदा चालवलीस तरी उत्तर तेच राहतं कारण ती दर वेळी मूळ कॉलमवरूनच निघते. तुझ्या झोपेचं औषध हेच आहे. रिकामा खाना असेल तर नवाही रिकामाच राहतो, त्याची काळजी नको. आणि ओके दाबायच्या ऐवजी "पेस्ट" दाब. त्याने एक वेगळी खिडकी उघडते, सिंटॅक्सची, तिथे तुझी आज्ञा अक्षरांत लिहिलेली दिसते. सगळं तिथूनच चालव आणि ती फाइल सेव्ह करून ठेव. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की काय केलं होतंस तर आठवायला नको, वाचून दाखवायचं.

स्कोर काढताना अधिकची चिन्हं वापरू नकोस. क्यू२० अधिक क्यू२१ अधिक क्यू२२ असं लिहिलंस की एक जरी रिकामा असला तरी अख्खा स्कोर रिकामा येतो, तुझे ४३ जण गायब. उलट "सम" वापरलंस तर तो रिकाम्याला वगळून बेरीज करतो, म्हणजे परिणामी शून्यच धरतो, आणि काही बोलतही नाही. वापरायचं ते "मीन", आणि मीनच्या पुढे टिंब देऊन आकडा. हा टिंबानंतरचा आकडा फार कमी जणांना माहीत असतो आणि सगळा खेळ त्यातच आहे. मीन.६ म्हणजे कंसातल्या प्रश्नांपैकी किमान सहा उत्तरं असतील तरच सरासरी काढ, नाहीतर रिकामं सोड. या प्रश्नावलीच्या मॅन्युअलमध्ये डब्ल्यूएचओनेच सिंटॅक्स दिलेला आहे, तो असा: शारीरिक भागाला मीन.६, कंसात ३, ४, १०, १५, १६, १७, १८. मानसिकला मीन.५, कंसात ५, ६, ७, ११, १९, २६. सामाजिकला मीन.२, कंसात २०, २१, २२. पर्यावरणाला मीन.६, कंसात ८, ९, १२, १३, १४, २३, २४, २५. प्रत्येकाला शेवटी गुणिले ४. तू ३, ४ आणि २६ च्या जागी तुझे आर लावलेले नवे कॉलम घालशील, हे मात्र विसरू नकोस, कॉलम बनवून बनवून शेवटी कंसात जुनाच क्यू३ लिहिलेला मी खूप जणींच्या फाइलीत बघितलाय. आणि एक नियम अख्ख्या फॉर्मचा, २६ पैकी किमान २१ उत्तरं नसतील तर तो फॉर्म बाहेर.

प्रश्न १ आणि २ कुठल्याच भागात येत नाहीत हे तुझ्या लक्षात आलं असेल. पहिला एकंदर जीवनमानाबद्दल विचारतो, दुसरा तब्येतीबद्दल किती समाधानी, ते दोन वेगवेगळे मांडायचे. सात, सहा, तीन, आठ, आणि हे दोन, झाले २६. आणि म्हणूनच २६ ची टोटल काढायची नसते. मॅन्युअलमध्ये चार भागांचे चार स्कोर आहेत, एकच एक टोटल स्कोर नाहीये. विचार करून बघ, टोटल केली तर पर्यावरणाच्या आठ प्रश्नांचं, म्हणजे पैसे, घर, प्रवासाची सोय, यांचं वजन सामाजिकच्या तीन प्रश्नांपेक्षा जवळजवळ तिप्पट होतं, आणि तुझ्या अभ्यासात तर हेच बघायचंय ना की काळजी घेणाऱ्याचं शरीर थकतं, का मन, का माणसं तुटतात, का पैसा संपतो. टोटलमध्ये ते सगळं एकत्र कालवलं जातं.

चांगलं, मध्यम, वाईट या गटांचंही तेच. या प्रश्नावलीला इतक्याच्या वर चांगलं अशी अधिकृत रेघ नाही. थिसिसमध्ये गट केलेले दिसतात, मान्य आहे, पण ते प्रत्येकाने आपापल्या मनाने पाडलेले असतात. तू चारही भागांची सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), कमीत कमी, जास्तीत जास्त दे. आणि १०० च्या पट्टीवरच्या ७८ ला "७८ टक्के जीवनमान" लिहू नकोस, ते टक्के नाहीत, पट्टीवरची जागा आहे.

एक बारीकशी गोष्ट, कुणी बोट ठेवलं तर घाबरशील म्हणून आधीच सांगते. मॅन्युअलमध्ये हाताने स्कोर काढणाऱ्यांसाठी तक्तापण आहे, त्यात बेरीज २९ समोर १७ आणि १०० च्या पट्टीवर ८१ दिसेल. तुझे ७८.५७. चूक कुणाचीच नाही, तक्त्यात १६.५७ चे आधी पूर्णांकात १७ केलेत आणि मग पुढे नेलंय. तू सूत्राने केलंस तर सगळीकडे सूत्रानेच कर आणि पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात तसं लिही. अर्धे तक्त्याने अर्धे सूत्राने असं मात्र अजिबात नको.

एसपीएसएसचं लायसन्स कॉलेजच्या एकाच कॉम्प्युटरवर आहे आणि लॅब पाचला बंद होते असं तू लिहिलंयस. मग घरच्या लॅपटॉपवर पीएसपीपी टाक, एसपीएसएससारखंच सॉफ्टवेअर, फुकट आहे, दिसायला जुनाट आहे पण हाच सिंटॅक्स जसाच्या तसा चालतो, मीन.६ सकट. एक्सेलमध्येच करायचं असेल तरी होतं, "काउंट" ने आधी उत्तरं मोज, सहा किंवा जास्त असतील तर "एव्हरेज" गुणिले ४, नाहीतर रिकामं, हे "इफ" मध्ये बसवायचं. फक्त एक्सेलचा एव्हरेज रिकामा खाना सोडतो पण शून्य आणि ९ सोडत नाही, आणि ज्या खान्याच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो तो आकडा अक्षर म्हणून साठवलेला असू शकतो, तो मोजलाच जात नाही, ते आधी साफ कर. जमोवी नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मैत्रिणी असतील तर त्यांना सांग की आल्फा काढायच्या रिलायबिलिटीच्या बॉक्समध्ये उलट्या प्रश्नांच्या खान्यात ३ आणि ४ टाकले म्हणजे ते फक्त त्या आल्फापुरते उलटतात, कॉलम तसाच राहतो, पुढे स्कोर काढताना परत करावं लागतं.

आल्फा परत काढ, चार भागांचे चार. शारीरिकचा ०.३८ वरून बहुतेक वर येईल. सामाजिकचा कमी आला तर फार मनाला लावून घेऊ नकोस, तीनच प्रश्न आहेत, प्रश्न कमी असले की आल्फा कमीच येतो, आणि त्यातला एक ४३ जणांनी सोडलेला म्हणजे तो आल्फा उरलेल्या ९७ जणांवरच निघणार, ते टेबलखाली लिही.

आता त्या ४३ जणांबद्दल. २१ नंबरचा प्रश्न लैंगिक आयुष्याबद्दल समाधानी आहात का असा आहे. तू लिहिलंयस की मुलाखती डायलिसिस युनिटच्या बाहेरच्या बाकावर घेतल्या. मग कोण काय सांगणार गं? शेजारी सासू बसलेली, समोरून वॉर्डबॉय जातोय, आत नवरा चार तास मशीनला लावलेला. काही जणी पेशंटची आई असतील, काही विधवा सासूची सून, काही लग्न न झालेल्या मुली, त्यांना तर हा प्रश्न कसा घ्यावा हेच कळलं नसेल. ही प्रश्नावली बनवताना जगभरातली पंधरा केंद्रं होती आणि त्यात दिल्ली आणि तेव्हाचं मद्रास ही आपलीच दोन होती, म्हणजे आपल्या माणसांना न विचारता कुणी परदेशातून आणून आदळलेला प्रश्न नाहीये तो. पण प्रश्न बरोबर असला तरी बाक बरोबर नव्हता. म्हणून स्कोर मीन.२ ने काढ, तो नियमात बसतो, पण तिथेच थांबू नकोस. ज्या ९७ जणांनी उत्तर दिलं त्यांचा सामाजिक स्कोर वेगळा काढ, बाकी ४३ चा दोन प्रश्नांवरचा वेगळा, शेजारी शेजारी ठेव. मग ते ४३ कोण आहेत त्याचं छोटं टेबल कर, वय, स्त्री की पुरुष, पेशंटशी नातं काय. मला वाटतं तुझ्या डिझर्टेशनमधलं सगळ्यात खरं पान ते असेल, आणि मर्यादांच्या भागात बाकाबद्दल स्पष्ट लिही, कुठे बसून विचारलं, शेजारी कोण होतं. पुढच्या वर्षी तुझ्याच कॉलेजची कुणी हा विषय घेईल तेव्हा ती निदान एक रिकामी खोली मागेल.

राहिल्या मॅडम. त्यांना "तुम्ही चुकलात" असं सांगायला जाऊ नकोस, गरज नाही आणि सबमिशनच्या तोंडावर तर नाहीच. मॅन्युअलचं स्कोरिंगचं पान प्रिंट कर, एका कागदावर असा एकच फॉर्म घे ज्यात २१ रिकामा आहे, त्याचा स्कोर दोन रीतींनी काढ, शून्य टाकून ३३ आणि नियमाने ६२, आणि म्हण, "मॅडम, मॅन्युअलमध्ये असं दिलंय, यातलं कुठलं धरू?" बहुतेक गाइड कागद बघितल्यावर स्वतःच सांगतात मॅन्युअलप्रमाणे कर. तरीही टोटल हवीच म्हणाल्या तर चार स्कोर मुख्य प्रकरणात ठेव आणि टोटल परिशिष्टात टाक, खाली लिहून की मॅन्युअलमध्ये ही रीत नाही. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या सुरुवातीच्या आराखड्यात, आधीच टोटल लिहून दिली असेल तर बदल केल्याची नोंद मॅडमच्या सहीने करून घे, म्हणजे व्हायव्हाला तुझ्या एकटीवर येणार नाही.

आज रात्री एवढंच कर, मूळ फाइल मेल कर आणि फॉर्म नंबर ३७ ची बेरीज वहीत मांड. उद्या फ्रिक्वेन्सी आणि मैत्रिणीचे ९. परवा ६ वजा, चार मीन आणि आल्फा. ३७ चा आकडा वहीशी जुळला नाही तर सिंटॅक्सची फाइल आणि त्या फॉर्मचा फोटो मला पाठव, वरचं नाव झाकून. मी बघते.